मापाखालचा दिवा : लॉर्ना यांच्या गायनाविषयी काही विचार

आपल्या रायगड जिल्ह्यातील एखाद्या ख्रिस्ती लग्नसमारंभाचे दृश्य वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. चर्चमधील विधी आटोपून वऱ्हाडी मंडळी सभागृहात जमलेली असतात. केक कापून होतो, वधूवरांना शुभचिंतन होते, पहिला संथ नाच संपतो आणि वादक क्षणभर थांबतात. मग ट्रम्पेटचा एक खणखणीत स्वर उठतो, आणि इतका वेळ भिंतीकडेच्या खुर्च्यांवर संकोचाने बसलेल्या मावश्या, आज्या, काकासुद्धा उठून उभ्या राहतात. घरात मराठी बोलणारे, कोंकणी बोलणारे, कोर्लईहून आलेले आणि आपली पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली बोलणारे असे सारे एका तालावर येतात. गाणे बहुधा ‘बेबदो’ असते. मूळचा आवाज लॉर्ना यांचा.

गेली पन्नास वर्षे जे गाणे आपल्या समाजाच्या प्रत्येक आनंदप्रसंगी हजर आहे, त्याच्याविषयी गंभीरपणे लिहिले गेल्याचे मराठी ख्रिस्ती नियतकालिकांत आमच्या फारसे पाहण्यात नाही. आपण भक्तिगीतांची परीक्षणे करतो, ख्रिस्तपुराणाच्या ओवीची थोरवी सांगतो, रेव्हरंड टिळकांच्या कवितेवर परिसंवाद भरवतो. ते सर्व योग्यच आहे. परंतु सभागृहातील गाणे म्हणजे करमणूक आणि चर्चमधील गाणे म्हणजे कला, अशी एक वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे, हे लॉर्ना कोर्देरो यांच्या गायनाच्या निमित्ताने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. तपासणी करताना आमच्या स्वतःच्या एका जुन्या चुकीचाही हिशेब द्यावा लागणार आहे. तो लेखाच्या ओघात देऊ.

गोव्याच्या गायिकेशी पेण-रोह्याच्या वाचकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध वाटेचा आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पेणवरून जातो आणि कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो. मुंबई आणि गोवा या दोन टोकांच्या वाटेवरची आपण माणसे. ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळात ही रेल्वे नव्हती. गोव्याचे वादक आपल्या पेट्या आणि वाद्यांच्या पेटाऱ्या घेऊन आगबोटीने मुंबईला येत, आणि त्या बोटी आपल्याच किनाऱ्यासमोरून जात. रोह्याची कुंडलिका जेथे रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळते, त्याच समुद्रावरून एका मोठ्या संगीतपरंपरेचे येणेजाणे चालू होते.

ही परंपरा निर्माण कोठे झाली? चर्चच्या ओसरीवर. पोर्तुगीज अमलातील गोव्यात खेड्यापाड्यांच्या चर्चना जोडून शाळा असत. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत, व्हायोलिन हातात देत, मिस्सेतील लॅटिन गायनासाठी आवाज तयार करून घेत. सणाच्या मिरवणुकीसाठी, नोव्हेनांसाठी, अंत्यविधीसाठी वादक हवेत, हा त्यामागील साधा हेतू. पण स्वरलिपी वाचता येणाऱ्या मुलाला गावात पोट भरण्याचे साधन मिळत नसे. म्हणून तो मुंबईला येई, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कूडा’त पथारी टाकी, आणि हॉटेलांच्या नाचघरांत किंवा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत कामाला लागे.

या मंडळींचे ऋण हिंदी चित्रसंगीतावर किती आहे, हे आता बऱ्यापैकी ज्ञात झाले आहे. हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवीत. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात सी. रामचंद्रांच्या चालींना जो पाश्चात्त्य ठसका आला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील विनोदी गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले, म्हणून तरी ते घरोघरी पोहोचले. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना केली. फ्रँक फर्नांद यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती महाराष्ट्रभर आणि परदेशीही जातात, परंतु मूर्ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव मूर्तीवर नसते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या वादकांची गत बहुधा तशीच झाली.

क्रिस पेरी हे याच परंपरेतले. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ मध्ये त्यांचा जन्म झाला. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये त्यांच्या हाती होती, आणि वादनाहूनही मोठी देणगी होती ती रचनेची. मुंबईच्या नाचघरांत अमेरिकन जॅझ वाजविणाऱ्या या संगीतकाराने ठरविले की हाच ताल, हीच पितळी वाद्ये, हाच जोम आपल्या मायबोलीच्या शब्दांना द्यायचा. त्यासाठी त्यांना एक आवाज हवा होता. मुंबईत वाढलेली, विशीही न ओलांडलेली लॉर्ना नावाची मुलगी त्यांच्या वाद्यवृंदात आली, आणि कोंकणी गीताच्या इतिहासातील एक पर्व सुरू झाले. चर्चगेटजवळील अॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ही जोडी गाजली, आणि एच. एम. व्ही.च्या तबकड्यांनी तिचे नाव गोव्याच्या घराघरांत नेले.

लॉर्ना यांच्या गायकीचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. तेथील कृष्णवर्णीयांचे लौकिक संगीत पूर्वी उघडउघड वंशवाचक नावाने विकले जाई. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक साप्ताहिकाने ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे केले. नाव बाजाराचे होते, पण त्या संगीताचा प्राण चर्चमधला होता. रविवारच्या उपासनेत मंडळी ज्या आवेगाने प्रभूला हाक मारीत, तोच आवेग शनिवारच्या रात्री प्रेमगीतात येई. रे चार्ल्स (१९३०–२००४) यांनी १९५४ मध्ये भक्तिगीताच्या धाटणीवर प्रेमगीत रचून गायिले, तेव्हा धर्मनिष्ठांना तो अपवित्रपणा वाटला. सॅम कुक (१९३१–१९६४) हे धर्मोपदेशकाचे चिरंजीव. भक्तिगीतांचा वृंद सोडून ते लौकिक गाण्याकडे वळले, तेव्हा अनेक भाविक त्यांच्यावर रुष्ट झाले. उलट महालिया जॅक्सन (१९११–१९७२) यांनी ब्लूज गाण्याला आयुष्यभर नकार दिला. अरिथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) याही धर्मोपदेशकाच्या कन्या. त्यांनी जगभर कीर्ती मिळविल्यावर १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये बसून भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका केली. ज्या गळ्याने प्रेमाची आळवणी केली तोच गळा तेथे प्रार्थनेला लागला, आणि ऐकणाऱ्याला गळा बदलल्याचे कोठेही जाणवत नाही.

असा अनुभव आपल्या मराठीलाही अपरिचित नाही. होनाजी बाळा हे लावणीचे शाहीर. त्यांच्याच नावावर असलेल्या भूपाळीने महाराष्ट्राची कित्येक घरे पहाटे जागी झाली, आणि त्या विरोधाभासाभोवतीच ‘अमर भूपाळी’ (१९५१) हा चित्रपट उभा राहिला. फड आणि देवघर यांच्या मधली भिंत श्रोत्यांनी घातलेली असते. गाणाऱ्याच्या गळ्यात ती नसते.

आता प्रत्यक्ष गायनाकडे वळू. या लेखासाठी आम्ही लॉर्ना यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका सलग ऐकल्या. पहिली गोष्ट लक्षात येते ती त्यांच्या आवाजाची जात. त्या काळच्या भारतीय चित्रपटसंगीताने स्त्रीच्या आवाजाचा जो आदर्श ठरविला होता, तो उंच पट्टीतला, बारीक, निर्मळ असा होता. लॉर्ना यांचा आवाज छातीतून येतो. त्याला वजन आहे, किंचित खरखर आहे, आणि पितळी वाद्यांच्या गजरात तो दबत नाही, उलट त्यांना आव्हान देतो. दुसरी गोष्ट तालाची. ठोक्यावर शब्द नेमका ठेवणे हे कोणाही तयार गायकाचे काम. लॉर्ना अनेकदा शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवतात, बोलता बोलता आठवल्यासारखा, आणि ओळ संपता संपता तालाला गाठतात. त्यामुळे गाणे पाठ केलेले वाटत नाही, तेथल्या तेथे सुचलेले वाटते. तिसरी गोष्ट उच्चारांची. नाचाच्या वेगातही कोंकणीचे अनुनासिक आणि जोडाक्षरे त्या स्वच्छ उच्चारतात. भाषेविषयीचे हे प्रेम त्यांच्यानंतरच्या अनेक गायकांत आढळत नाही.

या तीन गुणांहून अधिक महत्त्वाचा आम्हांला वाटतो तो चौथा. हिंदी चित्रपटाने त्या काळात स्त्रीच्या आवाजाची ढोबळ वाटणी केली होती. सालस नायिकेचा आवाज एक आणि नाचघरातल्या स्त्रीचा आवाज दुसरा. प्रेक्षकाने नुसता आवाज ऐकूनच कोण चांगली आणि कोण वाईट हे ओळखावे, अशी सोय. लॉर्ना यांच्या गाण्यांत ही सोय नाही. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा. त्या गाण्यात त्या दारुड्याची खिल्ली उडवितात. ‘पिसो’ म्हणजे वेडा. ‘नशिबाक रडटां’ या नावातच नशिबाला रडणे आहे. ‘नाचूंया कुंपासार’ म्हणजे चला, तालावर नाचू. ‘कुंपास’ हा पोर्तुगीजांकडून आलेला तालवाचक शब्द. आणि ‘सर्गा राज्यांत’ या नावात तर आपल्या प्रार्थनेतलेच शब्द नाचाच्या गाण्यावर येऊन बसले आहेत. थट्टा, वेड, विलाप, नाच आणि स्वर्ग हे सारे एकाच गळ्यातून, आवाजाचा पोत न बदलता येते. गाणारी स्त्री येथे सालस किंवा उनाड यांपैकी एक नाही. ती एक सबंध माणूस आहे. आपल्या मावश्या आणि आज्या संकोच सोडून ज्यासाठी खुर्चीवरून उठतात ते ह्यासाठी, असे आम्हांला वाटते. घटकाभर त्यांनाही सबंध होता येते.

‘बेबदो’विषयी थोडे अधिक. आम्ही धर्मगुरू मंडळी दारूवर प्रवचने देतो. आमच्या धर्मग्रामांत दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्या घरांतील बाया डोळे कोरडे ठेवून चर्चच्या मागील बाकावर कशा बसतात तेही पाहिले आहे. आमचे प्रवचन त्या बाईला सहनशीलता शिकवीत आले. लॉर्ना यांचे गाणे सहनशीलता शिकवीत नाही. ते दारुड्याला भर सभेत, ट्रम्पेटच्या साक्षीने, हास्यास्पद ठरविते. दारुड्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे घरातल्यांनी त्याची अब्रू झाकणे. गाण्याने ते झाकणच उडविले. नैतिक साहित्य म्हणून या गाण्याचा विचार करावा, असे कोणी सुचविल्यास पूर्वी आम्हांला हसू आले असते. आता येत नाही.

गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर समीक्षेची स्तुतिमाला होते. या गीतांतील शब्दरचना सर्वत्र सारख्या दर्जाची नाही. यमकासाठी ओढून आणलेले शब्द आहेत, कल्पनांची पुनरुक्ती आहे. काही चालींवर त्या काळच्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची छाप इतकी गडद आहे की कोंकणी शब्द पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे वाटतात. मांडोच्या संथ, दुःखगंभीर परंपरेत वाढलेल्या रसिकांना हे संगीत उथळ वाटले असल्यास त्यांना सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. शिवाय गतकाळाच्या हुरहुरीमुळे आपण जुन्या तबकडीला तिच्या योग्यतेहून अधिक मान देतो, हेही खरे. एवढे सगळे वजा केल्यावर जे उरते तो आवाज. आणि तो इतका उरतो की दुबळ्या ओळीसुद्धा त्याच्या आधाराने उभ्या राहतात.

आता प्रश्न असा की ज्या ख्रिस्तसभेने हे वादक घडविले, तिने या गायनाला आपले का मानले नाही? संगीताविषयीचे भय आपल्याकडे जुने आहे. संत अगस्तीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कबूल केले आहे की, गायिलेल्या अर्थापेक्षा गायनच आपल्याला अधिक हलविते तेव्हा आपण अपराध करतो असे त्यांना वाटे, आणि तरीही स्तोत्रे ऐकून आपण ढाळलेले अश्रू त्यांना आठवत. हा प्रामाणिक माणसाचा संभ्रम आहे. पुढे त्या संभ्रमाचे नियम झाले. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलिया या संगीताच्या आश्रयदात्रीच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्याने नाटकी संगीत, पियानो आणि गोंगाटी तालवाद्ये चर्चबाहेर ठेवली. नाटकी गायनाने उपासना बिघडत होती, हे लक्षात घेता तो आदेश निष्कारण नव्हता. परंतु त्याच आदेशाने स्त्रियांना उपासनेच्या गायकवृंदात स्थान नाकारले. एका स्त्रीसंताच्या सणादिवशी स्त्रियांचा आवाज बाहेर ठेवला गेला, हा योगायोग आम्हांला नेहमी बोचतो. व्यवहारात अनेक ठिकाणी तो नियम शिथिल राहिला. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये तो सौम्य केला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या संगीतपरंपरांचा आदर करण्यास सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तर १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना उद्देशून स्वतंत्र पत्र लिहिले.

नियम बदलतात; मने सावकाश बदलतात. याचे उदाहरण दूर शोधायला नको. जॉन पॉल यांचे ते पत्र प्रसिद्ध झाले त्या सुमारास आम्ही एका धर्मग्रामात नवखे सहायक धर्मगुरू होतो. तेथील गायकवृंदात एक तरुण बाई होत्या. रविवारी स्तोत्र त्या म्हणत, आणि त्यांनी म्हटलेले स्तोत्र चर्चच्या दारापर्यंत स्वच्छ ऐकू येई. एका लग्नात मंडळींच्या आग्रहावरून त्या मंचावर गेल्या आणि ‘बेबदो’ गायिल्या. फार सुंदर गायिल्या. आम्हीही टेबलाखाली पायाने ताल धरला होता, हे आज सांगून टाकतो. पुढच्या रविवारी मिस्सेपूर्वी आम्ही त्यांना बाजूला बोलावून म्हणालो, “ज्या तोंडाने स्तोत्र म्हणायचे त्या तोंडाने पिठ्यातली गाणी शोभत नाहीत. दोहोंपैकी एक निवडा.”

त्या म्हणाल्या, “बरं, फादर.” त्या दिवशी स्तोत्र दुसऱ्या कोणीतरी वाचले. पुढे त्या गायकवृंदात आल्या नाहीत, आणि लग्नाच्या मंचावरही गेल्या नाहीत. आम्ही एक निवडण्यास सांगितले होते. त्यांनी दोन्ही सोडले. मुख्य धर्मगुरूंनी आम्हांला काही विचारले नाही, मंडळींनीही विचारले नाही. एक आवाज बंद झाला आणि कोणाच्याही दिनक्रमात फरक पडला नाही.

लॉर्ना यांच्या चरित्रातील मौन आम्ही या आठवणीच्या उजेडात वाचतो. सत्तरच्या दशकात, ऐन बहरात असताना, त्यांचे गाणे थांबले. ते दोन दशकांहून अधिक काळ थांबून राहिले. त्यामागील कारणांविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. कोणाच्या खाजगी आयुष्यात शिरण्याचा अधिकार समीक्षकाला नाही आणि धर्मगुरूला तर नाहीच नाही, म्हणून आम्ही त्यात पडत नाही. एवढे मात्र दिसते की त्या मौनाच्या काळात तबकड्या वाजतच होत्या. क्रिस पेरींनी १९७७ मध्ये ‘भुंयारांतलो मनीस’ हा पहिला रंगीत कोंकणी चित्रपट काढला. लग्नालग्नांत ‘बेबदो’ चालूच होते. गाण्यावर नाचणाऱ्या हजारो पायांना, गाणारी कोठे आहे, हा प्रश्न क्वचितच पडला असेल.

मग १९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या साथीने लॉर्ना पुन्हा उभ्या राहिल्या. नव्या गीताचे नाव होते ‘आयकात म्हजो ताळो’, म्हणजे माझा आवाज ऐका. मध्यंतरी पन्नाशी जवळ आली होती. आवाज थोडा जाड झाला होता, वरच्या स्वरांना पूर्वीचा सहजपणा नव्हता. परंतु शब्द ठोक्यामागे ठेवण्याची ती जुनी सवय तशीच होती. २००२ च्या जानेवारीत क्रिस पेरी निवर्तले. त्यानंतर बार्डरॉय बरेटो यांच्या ‘नाचूंया कुंपासार’ या चित्रपटाने या जोडीची सुमारे वीस गीते नव्या पिढीपुढे आणली. २०१४ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या पालोमी घोष यांचाही विशेष उल्लेख झाला. चित्रपटातील लॉरी आणि डोना ही पात्रे कल्पित आहेत. लॉर्ना यांचे चरित्र म्हणून तो पाहू नये. पण गोव्याच्या वादकांना त्याने त्यांची नावे परत दिली, हे त्याचे श्रेय मोठे आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला आम्ही अनेकदा प्रवचनात सांगितला आहे. धन्याने दिलेले द्रव्य ज्या दासाने जमिनीत पुरले, तो दोषी ठरतो. देणगी वाया घालविणाऱ्याला आपण या दाखल्याने खडसावतो. परंतु ज्याची देणगी दुसऱ्यांनीच पुरली, त्याच्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. दिवा मापाखाली ठेवू नये, असे प्रभू शिकवितो. दिवा काही स्वतः होऊन मापाखाली जात नाही. कोणाचा तरी हात ते माप त्याच्यावर पालथे घालतो. एका दिव्याच्या बाबतीत तो हात कोणाचा होता, हे आम्हांला ठाऊक आहे.

आपल्या पेण-रोह्याच्या भागातील धर्मग्रामे लहान आहेत. कोणी पिढीजात येथले, कोणी धाटावच्या कारखान्यांमुळे दुसऱ्या प्रांतांतून आलेले. गायकवृंदासाठी चार आवाज जमविताना दमछाक होते. आणि तरीही आपण काय करतो? मुलीचा गळा बरा असला तर नाताळापर्यंत तिचे कौतुक. लग्न ठरले की सासरचे काय म्हणतील ही काळजी. लग्नानंतर मूल, मग दुसरे मूल, मग गुडघे. दरम्यान तिला कोणी ‘गाऊ नकोस’ असे म्हणत नाही. ‘गा’ असेही कोणी म्हणत नाही. गोव्यातील एका थोर गायिकेचे मौन संपावे म्हणून निदान लोक वाट पाहत होते. आपल्या घरांतील मौनांची वाट कोण पाहतो?

त्या बाई कोठे राहतात हे आम्हांला माहीत आहे. मागील वर्षी एका अंत्यविधीला त्या भेटल्या. केस पांढरे झालेले, नातवंड कडेवर. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांना तो प्रसंग आठवत होता. “जाऊ द्या, फादर, फार वर्षं झाली,” असे म्हणून त्यांनी विषय बदलला. नंतर समाप्तीच्या गीताच्या वेळी आम्ही वेदीवरून त्यांच्याकडे पाहिले. सारी मंडळी गात होती. त्यांचे ओठ मिटलेले होते, आणि नातवाच्या पाठीवरची बोटे तेवढी तालात, ठोक्याच्या किंचित मागे, पडत होती.